योरिंदेचा बुडबुडा

डेल्फ्टमधल्या त्या शाळेत जीवशास्त्राच्या आलैट फोंक बाईंचा दबदबा एका वाक्यावर उभा होता. "मला नको विचारूस, तुला काय दिसतंय ते सांग."

बारा-तेरा वर्षांची पोरं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात तेव्हा त्यांना आधी स्वतःच्या पापण्या दिसतात. मग काचेवरची धूळ दिसते, मग हवेचे बुडबुडे. त्या बुडबुड्यांची काळी गोल कड इतकी ठसठशीत असते की पोरांना वाटतं, हीच पेशी. कांद्याच्या पापुद्र्यातल्या खऱ्या पेशी सापडेपर्यंत तास संपत येतो आणि निम्म्या वर्गाने पुस्तकातलं चित्र उतरवून पेन्सिल खाली ठेवलेली असते. इतर शिक्षक वैतागून स्वतःच डोळा लावत आणि म्हणत, हे बघ, ही पेशी, हे केंद्रक, काढ आता. फोंकबाई असं कधी करत नसत. त्या पोराला बोलतं करत. गोल आहे की लांबट, कड जाड आहे की पातळ, हलतंय की नाही. बोलता बोलता पोराचं पोरालाच उमगे. शिकाऊ शिक्षक त्यांचा तास बघायला मुद्दाम येऊन बसत.

गेल्या वर्षापासून मात्र या वाक्याचा दुसराच उपयोग होऊ लागला होता आणि तो एकट्या बाईंना ठाऊक होता. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेकडेचं सगळं दिसे. खिडकीशी कोण बसलंय, खोडरबर कोण फेकतंय, ते बरोबर दिसे. पण जिथे नजर रोखावी नेमका तिथेच राखाडी डाग, काचेवर तेलकट बोट फिरवल्यासारखा. सूक्ष्मदर्शकातली ती लहानशी उजळ चकती त्या डागात अख्खीच्या अख्खी बुडून जाई. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, सायकल तेवढी बंद करा. बाईंनी सायकल बंद केली आणि स्टाफरूममध्ये सांगितलं की चालणं प्रकृतीला बरं. आमच्याकडे सायकल सोडली की माणूस म्हाताऱ्यांत जमा होतो. बाईंनी तेही सोसलं.

डोळ्यांचं मात्र त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर प्रात्यक्षिकं काढून घेतली असती, आणि प्रात्यक्षिकं गेल्यावर फोंकबाईंमध्ये फोंकबाई म्हणून काय उरलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पोराने हाक मारली की त्या जात, वाकत, डोळा लावत, क्षणभर थांबत आणि म्हणत, "छान. आता मला सांग, काय दिसतंय?" पोरगं सांगे, बाई ऐकत, आणि ऐकण्यावरूनच नेमकी चूक काढून देत. कोणाला शंका आली नाही. उलट कौतुक वाढलं. कौतुक वाढलं तशी खरं बोलायची संधी मागे मागे गेली.

ऑक्टोबरात पाण्याचा तास असतो. प्रत्येकाने घराजवळच्या चरातलं नाहीतर कालव्यातलं पाणी बरणीत भरून आणायचं आणि त्यात जिवंत काय आहे ते शोधायचं. जॅमच्या, लोणच्याच्या, कसल्या कसल्या बरण्या येतात आणि वर्गाला दोन दिवस शेवाळाचा वास येतो. यंदा मागच्या बाकांवर उपमुख्याध्यापक रूलोफ दोन शिकाऊ शिक्षकांना घेऊन बसला होता. अशा वेळी बाईंच्या अंगात जरा जास्तच चैतन्य यायचं. नाही कशाला म्हणा?

योरिंदे तिसऱ्या रांगेत होती. गावाबाहेरच्या सखल जमिनीवर आजोबांजवळ राहणारी, अबोल मुलगी. कामाला हळू. काच पुसायलाच तिला इतका वेळ लागे की तिचा जोडीदार टायमेन म्हणायचा, "अगं, पुसून पुसून भोक पाडशील." शाळा सुरू झाल्यापासून तिने कधी हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला.

"बाई, इकडे या ना. काहीतरी आहे."

बाई गेल्या, वाकल्या, डोळा लावला. राखाडी. नेहमीसारखं छान म्हणून सुटता आलं असतं, पण पोरगी आपण होऊनच बोलायला लागली होती. "गोल आहे, बाई. मोठा आहे."

गोल म्हटलं की बुडबुडा, हा बाईंचा उभ्या नोकरीचा अनुभव. त्यातून मागे पाहुणे. "बुडबुडा आहे," त्या म्हणाल्या, आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं वर म्हणाल्या, "दरवर्षी कोणीतरी एकजण बुडबुड्याच्या प्रेमात पडतोच."

वर्ग हसला. शिकाऊ शिक्षकही हसले.

"नाही बाई," योरिंदे म्हणाली. "त्याच्या आत लहान गोळे आहेत. हिरवेगार. आणि तो अख्खाच फिरतोय. गडगडत चाललाय."

 ऐकताक्षणी बाईंना कळलं होतं. व्हॉल्व्हॉक्स. शेकडो हिरव्या पेशी एकमेकींना धरून एक पोकळ गोळा करतात, प्रत्येकीच्या दोन शेपट्या वल्ह्यांसारख्या चालतात आणि गोळा पाण्यात लोळत जातो. पोटात त्याची पिल्लं, तीही गोल. एकट्या पेशीचा जीव आणि आपल्यासारखं असंख्य पेशींचं शरीर, या दोहोंच्या मधली पायरी बघायची तर ती हीच. सगळ्यांत आधी तो आमच्याच गावच्या एका कापडवाल्याला घरी घासलेल्या भिंगातून दिसला होता, आणि बाई हे दर वर्षी वर्गाला सांगत. स्वतः त्यांनी तो कॉलेजात एकदाच पाहिला होता. त्यानंतर दर ऑक्टोबरात बरण्या आल्या की त्या मनातल्या मनात त्याची वाट बघत. तो आज आला होता, आणि बाईंनी त्याला बुडबुडा म्हटलं होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. थांब, माझी चूक झाली, एवढंच. पण मग रूलोफ म्हणाला असता, अगं, आत्ता तर बघितलंस ना? आणि उठून स्वतः बघायला आला असता. चोराच्या मनात चांदणं. बाईंनी योरिंदेच्या खांद्यावर हात ठेवला. "एका बुडबुड्याला लागून दुसरे असतात, बाळ. पाण्यात शेवाळ असलं की सगळे हिरवे दिसतात, आणि पाणी हललं की सगळे सरकतात. टायमेन, तू बघ बरं."

टायमेनने डोळा लावला. एवढ्या वेळात गोळा लोळत लोळत काचेच्या दुसऱ्या टोकाला गेला असणार, आणि त्याच्या जागी एक खराखुरा बुडबुडा होता. "बुडबुडाच आहे, बाई," टायमेन म्हणाला. "चांगला गरगरीत आहे. बारसं करायचं का?"

आता वर्ग खो-खो हसला. योरिंदेने त्याला बाजूला सारून पुन्हा डोळा लावला आणि काच इकडे सरकव, तिकडे सरकव असं सुरू केलं. एरवी इतकी हळू चालणारी तिची बोटं घाई करत होती आणि घाईत हातचं निसटत होतं. तेवढ्यात घंटा झाली. काच धुऊन जागेवर ठेवल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही, हा बाईंचाच नियम. मुलीने तो पाळला. नळाचं पाणी पडल्याचं बाईंनी ऐकलं, मग बरणी रिकामी झाल्याचंही ऐकलं, आणि त्या टेबलावरचे ड्रॉपर गोळा करत राहिल्या.

स्टाफरूममध्ये रूलोफने स्वतः त्यांच्यासाठी कॉफी आणली. "आलैट, मानलं तुला. तिला खोडून काढलं नाहीस, शेजाऱ्याला बघायला लावलंस. मी त्या दोघा शिकाऊ पोरांना हेच सांगत होतो, शास्त्र म्हणजे हे."

"हं," बाई म्हणाल्या आणि कॉफीबरोबरचं बिस्किट तोंडात कोंबलं. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना, आणि समोर माणूस पाठ थोपटत होता.

पुढच्या तासाला त्या वर्गात शिरल्या तेव्हा कोणीतरी म्हणत होतं, "बुडबुडे, सरक की जरा." योरिंदे सरकली. नाव चिकटलं होतं. त्याहून वाईट म्हणजे त्या दिवशी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळाच लावला नाही. टायमेन बघत होता आणि ती विचारत होती, "काय दिसतंय? तू सांग, मी काढते." टायमेन आळशी पोरगा. तो पुस्तकात बघून सांगत होता आणि ती खाली मान घालून काढत होती.

तास संपल्यावर बाईंनी तिला थांबवलं. "योरिंदे, मागच्या वेळी मी जरा घाईच केली बहुतेक. तो कदाचित बुडबुडा नसेलही."

"बुडबुडाच होता, बाई," दप्तर भरता भरता ती म्हणाली.

"पण आत हिरवे गोळे होते म्हणालीस ना?"

"म्हणाले. पण तुम्ही बघितलंत ना. टायमेननेही बघितलं. माझ्याच डोक्यात काहीतरी भरलं असेल." मग बाईंना वाईट वाटू नये अशा सुरात ती म्हणाली, "मला नंतर नंतर तसंच वाटायला लागलं. खरंच."

तिने टोमणा मारला असता तर बाईंनी तो आनंदाने झेलला असता. पण ती मनापासून बोलत होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट त्या मुलीने बाईंच्या शब्दाखातर पुसून टाकली होती. आणि बाई अजूनही 'बहुतेक' आणि 'कदाचित'च्या आडोशाला उभ्या होत्या. 'जा तू, बस चुकेल,' एवढंच त्यांच्याने बोलवलं.

भित्र्या माणसाला युक्त्या फार सुचतात. बाईंनाही एक सुचली. त्याच चरातलं पाणी पुन्हा आणायचं, तीच बरणी योरिंदेपुढे ठेवायची. गोळा तिला पुन्हा दिसेल, सगळ्या वर्गाला दिसेल, तिचं नाव धुतलं जाईल आणि बाईंना तोंड उघडावं लागणार नाही. शनिवारी त्या पिशवीत जॅमची बरणी घालून बसने गावाबाहेर गेल्या.

योरिंदेचे आजोबा चराच्या काठावर गुडघ्यापर्यंतचे बूट घालून उभे होते, हातात लांब दांड्याचं दाताळं. काठावर पाणवनस्पतींचा ढीग उन्हात सुकत पडला होता आणि चरात नितळ, तपकिरी, रिकामं पाणी. शरदातली पाहणी जवळ आली होती. पाणीमंडळाचे लोक चरांच्या कडेने फिरतात, आणि ज्याची जमीन त्याने त्याआधी आपला चर साफ करायचा असतो. बाईंच्या हे लक्षातच राहिलं नव्हतं; आता त्या पाण्यात गोळा सापडणार नव्हता.

"एक काडी राहिली तरी कागद धाडतात," आजोबा म्हणाले. "तुम्ही शाळेतल्या फोंकबाई ना? या, कॉफी घेऊ. योरिंदे पोहायला गेलीय."

स्वयंपाकघरात कॉफी आली, एकेक बिस्किट आलं. "तुमचं फार सांगायची," आजोबा म्हणाले. "आमच्या बाई उत्तर देत नाहीत, आमच्याकडून काढून घेतात, म्हणायची."

"आता नाही सांगत?"

"हल्ली गप्प असते. त्या बुडबुड्याच्या दिवशी रडतच घरी आली. मी पाहिलं आजोबा, शपथेवर सांगते, म्हणाली. मी विचारलं, पोरी, बाईंनी स्वतः डोळा लावून बघितलं ना? हो म्हणाली. म्हटलं, मग? बाईंचं आयुष्य गेलंय त्यात. आपल्याला दिसलं म्हणजे ते असतंच असं नाही." आजोबांनी कपातली कॉफी ढवळली. "दोन-तीन दिवस लागले, पण पटलं शेवटी. समजूतदार आहे हो पोरगी."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.  मी पाहिलं नव्हतं, एवढं म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले, आणि आजोबांनी त्याच वेळी विचारलं, "बरणी कशाला आणलीत?"

"अशीच," बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांना स्वतःची शिसारी आली. वर्षभर त्या स्वतःला समजावत होत्या की यात कोणाचं काही जात नाही, पोरं शिकताहेत, मग बिघडलं कुठे? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत होती. त्या दळत राहिल्या होत्या आणि एका मुलीचा स्वतःवरचा विश्वास तेवढ्यात संपला होता. तिच्या आजोबांनीसुद्धा, बिचाऱ्यांनी, बाईंच्या खोट्याच्याच बाजूने साक्ष दिली होती. एक मात्र त्या बसमध्येच ठरलं. आता युक्ती नको आणि बरणीही नको.

सोमवारी तासाला त्यांनी वर्गाचं दार लावून घेतलं. सूक्ष्मदर्शक कपाटातच होते. रूलोफला आधी सांगावं, असं एकदा मनात आलं होतं, पण रूलोफने समिती नेमली असती, आणि पोरांपर्यंत गोष्ट गोड शब्दांत बांधून पोचली असती.

"मला काही सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मला सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. मी वाकते, डोळा लावते, पण समोर नुसता राखाडी डाग असतो. तुम्ही जे सांगता त्यावरून मी अंदाजाने बोलते."

 मग टायमेन म्हणाला, "म्हणजे माझ्या कांद्याच्या पेशी?"

"नाही दिसल्या."

"पण तुम्ही छान म्हणालात."

"सगळ्यांनाच म्हणाले."

"आणि मार्क?" मागून कोणीतरी विचारलं. "ते पण अंदाजाने?"

"तुमची चित्रं मी घरी मोठ्या पडद्यावर बघते, ती दिसतात. पण तुमच्या काचेवर खरं काय होतं, ते मला एकदाही कळलं नाही."

टायमेनने तोंड उघडलं. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक विनोद असायचा, पण आज सापडला नाही. आपल्या त्या चित्रात पुस्तकातलं किती होतं हे त्याला ठाऊक असावं. तो डोकं खाजवत बसला.

"योरिंदे," बाई म्हणाल्या. तिचा चेहरा दिसायचा तर त्यांना तिच्या बाजूच्या भिंतीकडे नजर लावावी लागे. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ भिंतीकडे बघितलं. "त्या दिवशी मी तुझ्या काचेत काहीही पाहिलं नव्हतं. तू आतल्या हिरव्या गोळ्यांचं बोललीस तेव्हाच मला कळलं की तो व्हॉल्व्हॉक्स आहे. मी आयुष्यभर त्याची वाट बघत होते. तरीही गप्प बसले. मागे पाहुणे होते, आणि मला माझं झाकायचं होतं. तुझं हसं झालं ते माझ्यामुळे. टायमेनने पाहिला तो बुडबुडा होता, पण तू पाहिलास तो नव्हता. चूक तुझी नव्हती."

सगळ्या माना योरिंदेकडे वळल्या. बुडबुडे म्हणून हाक मारणारी पोरंही आता तिच्याकडे आशेने बघत होती, तिने हसावं आणि हे एकदाचं मिटावं म्हणून. ती हसली नाही. रागावलीही नाही. कपाळाला आठ्या घालून ती विचार करत होती, काच पुसताना करायची तसा, सावकाश.

"मला आता आठवतच नाही, बाई," ती म्हणाली. "घरी मी डोळे मिटून खूपदा प्रयत्न केला. बुडबुडाच येतो डोळ्यांसमोर. काळ्या कडेचा."

"तो नव्हता गं. तू पाहिलास तो जिवंत गोळा होता. मी खात्रीने सांगते तुला."

"तुम्हाला कसं माहीत?" योरिंदेने विचारलं. आवाजात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही तर पाहिलंच नाही."